कोकणची जमीन आणि कोकणचा पाहुणा

कोकणाविषयी बोलणे निघाले की शहरात हल्ली दोन सूर ऐकू येतात. पहिला सूर म्हणतो की, इतका रम्य प्रांत मुंबईच्या उशाशी असून मागासलेला राहिला ही लाजिरवाणी गोष्ट आहे. तेथे हॉटेले निघाली पाहिजेत, बंगले उठले पाहिजेत, पैसा खेळला पाहिजे. दुसरा सूर म्हणतो की, कोकण आहे तसेच राहू द्या. तेवढाच एक कोपरा उरला आहे. गंमत अशी की, हे दोन्ही सूर काढणारा माणूस पुष्कळदा एकच असतो. ‘समुद्राकाठी दहा गुंठे’ अशी जाहिरात तो सकाळी कापून ठेवतो, आणि संध्याकाळी मित्रांत बसून किनाऱ्यांच्या नासाडीबद्दल हळहळतो. आपल्यापैकी कित्येकांची अवस्था अशीच असल्यामुळे मी येथे माडापोफळींच्या वर्णनात शिरणार नाही. मला बोलायचे आहे ते जमिनीविषयी. पर्यटन हा वरवर पाहता प्रवासाचा विषय वाटतो. परंतु किनाऱ्यावर तो अखेर जमिनीचा विषय होतो. आलेला पाहुणा रात्री कोणाच्या छपराखाली आणि कोणाच्या मालकीच्या जागेत राहतो, या एका गोष्टीवर त्याने आणलेला पैसा कोठे जाणार हे ठरते.

प्रथम हा प्रांत दुर्लक्षित राहिला म्हणजे काय झाले, ते पाहू. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली ती १८५३ साली. रोह्यापासून मंगळुरापर्यंतचा कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला व्हायला १९९८ चा जानेवारी उजाडला. मधल्या सुमारे १४५ वर्षांत कोकणी माणसाला घाटमाथ्यावरचा रस्ता आणि किनाऱ्याची बोट एवढाच आधार होता, आणि बोटींची ती वाहतूकही पुढे बंद पडली. तेव्हा प्रांतात मोठा धंदा आला नाही. उलट प्रांतातला माणूस धंद्याकडे गेला. मुंबईच्या गिरण्यांनी रत्नागिरीचा तरुण उचलला आणि बदल्यात घरी मनिऑर्डर पाठवली. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचा आधार खचला, तरी बाहेर जाण्याची वाट काही बुजली नाही. २००१ च्या शिरगणतीत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ साली ती १६,१५,०६९ भरली. सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ होती, ती ८,४९,६५१ झाली. देशाची वस्ती वाढत असता या दोन्ही जिल्ह्यांची घटली. २०११ साली रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हा आकडा स्त्रियांच्या सुस्थितीचा म्हणून कोणी मिरवू नये. कर्ते पुरुष परगावी आहेत, एवढाच त्याचा सरळ अर्थ आहे.

अशा प्रांताकडे पर्यटनाची दृष्टी वळली. १९८१ साली रत्नागिरीचा दक्षिण भाग वेगळा काढून सिंधुदुर्ग जिल्हा करण्यात आला, आणि १९९७ साली तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. सुमारे १२१ किलोमीटरचा किनारा, मालवणच्या समुद्रातला शिवकालीन किल्ला, कर्लीसारख्या खाड्या हे त्याचे भांडवल. पुढे रेल्वे आली, २०२१ साली चिपीचा विमानतळ उघडला, आणि २०२३ च्या आरंभी सरहद्दीला लागूनच पेडणे तालुक्यात गोव्याचा मोपा विमानतळ सुरू झाला. वाहतुकीची सोय झाली की जमिनीचा भाव चढतो, हा नियम जगात सर्वत्र आहे. येथे त्याबरोबर आणखी एक पालट झाला. आजवर जमिनीची किंमत तिच्यात भात किती पिकते, आंब्याची कलमे किती उभी आहेत, माड किती धरतात, यावर ठरत असे. आता ती तिच्यावरून समुद्र किती दिसतो यावर ठरू लागली. ज्या कातळसड्यावर पावसाळ्यातल्या गवताखेरीज काही येत नव्हते, तोच सडा भाताच्या मळ्यापेक्षा महाग झाला.

या नव्या किमतीचा लाभ कोणाला होतो, हे समजण्यासाठी कोकणातली जमीन कोणाच्या हाती कशी आली ते थोडे आठवले पाहिजे. रत्नागिरीच्या बहुतेक भागात पूर्वी खोती होती. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामधला वसुलीचा धनी. कसणाऱ्याने पिकाचा मोठा वाटा त्याच्या घरी पोचवायचा आणि वर वेठही करायची. याविरुद्ध कुलाबा जिल्ह्यातील चरी येथे १९३३ पासून सुमारे सहा वर्षे शेतकऱ्यांनी संप केला. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. अखेर १९४९ च्या कायद्याने खोती गेली, आणि कुळकायद्यातील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषकदिन’ धरून कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानण्यात आले. म्हणजे आज किनाऱ्यालगतच्या वाडीचा जो मालक आहे, त्याच्या घरात ही मालकी दोन-तीन पिढ्यांचीच आहे, आणि ती झगडून मिळालेली आहे.

ही मालकी मिळाली, पण ती वाटली मात्र गेली नाही. कोकणी घराचा सातबारा उतारा काढून पाहावा. खाते सामाईक असते. आजोबा वारले, मुलांची नावे लागली. मुले मुंबईस गेली, त्यांतला एखादा वारला, त्याच्या मुलामुलींची नावे लागली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलींना वडिलांच्या हिश्शात वाटा दिला आणि २००५ च्या दुरुस्तीने मुलगी मुलाप्रमाणेच जन्मतः सहहिस्सेदार ठरली. हे सर्व न्याय्यच आहे. परंतु सरसनिरस वाटप होऊन प्रत्येकाच्या तुकड्याला हद्द पडावी, हे क्वचितच घडले. गावात राहणारा एक भाऊ माडांना पाणी घालतो, गडगा नीट करतो, गणपतीत सर्वांसाठी घर झाडून ठेवतो. बाकीचे चाकरमानी वर्षातून दोनदा येतात. जोवर जमिनीला भाव नव्हता, तोवर ही व्यवस्था सुखाने चालली, कारण भांडण्यासारखे काही नव्हते.

आता एक उदाहरण घेऊ. हे उदाहरण हिशोब कळावा म्हणून कल्पिलेले आहे. रकमेवर भर देऊ नये. समजा, पणजोबांच्या नावे समुद्राकाठी वीस गुंठे जागा होती. त्यांना चार मुले आणि त्या प्रत्येकाला चार अपत्ये. आज उताऱ्यावर सोळा नावे आहेत. पंधरा जण मुंबई, पुणे, बडोदे येथे, एक गावी. शहरातून गिऱ्हाईक येते आणि वीस लाख रुपये देऊ करते. रक्कम ऐकून सर्वांचे डोळे दिपतात. पण वाटणी होते तेव्हा प्रत्येकाच्या हाती एक लाख पंचवीस हजार येतात. पंधरा जणांना ही रक्कम वरकड असते. एखाद्याची तेवढ्याने खोलीची दुरुस्ती होते. सोळावा जो गावी राहतो, त्याच्या हातीही तेवढेच येतात. परंतु त्याचे माड जातात, विहीर जाते, जळण जाते, गुरांची जागा जाते. पुढच्या वर्षी त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या हॉटेलात तो पहारेकरी म्हणून उभा असतो. विकास झाला हे खरे. मात्र ज्याच्या अंगणात तो झाला त्याला सोळावा हिस्सा किंमत आणि महिन्याचा पगार मिळाला. जमिनीचा भाव पुढे दहापट झाला तरी त्याचा त्याला काही उपयोग नाही.

आणि सोळाही जण कबूल होतील असेही नाही. कायद्याने सहहिस्सेदाराला आपला अविभक्त हिस्सा इतरांना न विचारता विकता येतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ४४ वे कलम सांगते की, घेणारा हा विकणाऱ्याच्या जागी येऊन उभा राहतो आणि त्याला वाटप मागता येते. फक्त अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात शिरून त्या कुटुंबाबरोबर ताबा मागण्याचा हक्क त्रयस्थाला नाही. याचा अर्थ असा की, एक चुलतभाऊ फुटला तरी बाहेरचा माणूस कुटुंबाच्या जमिनीत भागीदार होऊन बसतो. मग वाटपाचा दावा, मग तारखा. घेणाऱ्या शहरवासीयाचीही यात सोय नाही. जमीन दाखवताना दलाल जो समुद्राकडचा कोपरा दाखवतो, तो त्याने घेतलेलाच नसतो. त्याने घेतलेला असतो सोळातला एक अपूर्णांक, आणि अपूर्णांकावर बंगला बांधता येत नाही. शिवाय सातबारा हा महसूल वसुलीसाठी ठेवलेला कागद आहे. फेरफाराच्या नोंदीने मालकी निर्माण होत नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे.

घेणाऱ्यापुढे दुसरे बंधन कुळकायद्याचे आहे. त्या कायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकत घेता येत नाही. उद्योगासारख्या कारणांसाठी काही अपवाद आहेत, तेवढेच. हे कलम पुष्कळांना जुलमी वाटते. पण कसणाऱ्याच्या हाती आलेली जमीन पुन्हा सावकाराच्या आणि सट्टेवाल्याच्या हाती जाऊ नये, हा त्याचा हेतू ध्यानात घेतला म्हणजे राग निवतो. यावर तोड म्हणून कोणी शेतकरी ओळखीच्या नावावर जमीन घेऊन ठेवण्याचा सल्ला देतात. हा सल्ला घातक आहे. दुसऱ्याच्या नावे केलेला असा व्यवहार बेनामी व्यवहारांच्या कायद्यात सापडू शकतो, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्या कायद्याखाली मालमत्ता जप्त होते व तुरुंगवासही होतो.

तिसरे बंधन समुद्राचे. १९९१ साली केंद्र सरकारने किनारा नियमनाची पहिली अधिसूचना काढली. तिच्या जागी २०११ ची आली आणि नंतर २०१९ ची. भरतीचे पाणी जेथवर चढते त्या रेषेपासून अंतर मोजले जाते. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर जेथे दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा दाट वस्ती आहे तेथे ५० मीटर आणि विरळ वस्तीच्या भागात २०० मीटर पट्टा बांधकामरहित ठेवायचा आहे. किनाऱ्याची गावे बहुधा विरळ. म्हणजे ‘अगदी लाटांलगत’ म्हणून जी जागा खपवली जाते, ती बंगल्याच्या दृष्टीने सर्वांत कुचकामी असते. हा नियम कागदी नाही हे पाहायचे असेल तर मालवणजवळच्या देवबागेस जावे. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. पावसाळ्यात समुद्र तेथील किनारा खातो आणि माड मुळासकट उपटून नेतो. वाळू ही स्थावर मालमत्ता नव्हे; समुद्र ती एकीकडून नेतो आणि दुसरीकडे टाकतो.

जमीन विकली म्हणजे केवळ मालक बदलतो असे नाही, वाटही बदलते. किनाऱ्यावर जाळी सुकतात, मासळी सुकते, होड्या ओढून ठेवल्या जातात. मालवणकडे रापण ओढतात. अर्धगोल टाकलेले ते लांब जाळे माणसांच्या दोन रांगा दोन टोकांनी किनाऱ्यावर खेचतात. या कामाला मोकळी वाळू लागते आणि तेथवर जायला वाट लागते. ही वाट बहुधा कोणाच्या तरी वाडीतून जाते, आणि पिढ्यान्‌पिढ्या कोणी अडवलेली नसते. नवा मालक पहिले काम करतो ते चिऱ्याचे कुंपण घालण्याचे. सुविधाधिकाराच्या १८८२ च्या कायद्याप्रमाणे वीस वर्षे उघडपणे, अडथळ्याविना आणि हक्क म्हणून चाललेली वहिवाट हा हक्क ठरू शकतो. पण तो शाबीत करण्यासाठी मच्छीमाराने होडी बाजूला ठेवून कोर्टाची पायरी चढायची, हे व्यवहारात कठीण आहे. म्हणून नकाशात वाटा आधी पक्क्या कराव्यात आणि मग जमिनींचे व्यवहार व्हावेत, हा क्रम गावाने धरला पाहिजे.

चौथी गोष्ट पाण्याची, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. सिंधुदुर्गात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. तरी एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्यांच्या विहिरी तळ गाठतात. जांभा दगड सच्छिद्र, उतार तीव्र आणि समुद्र जवळ. त्यामुळे पडलेले पाणी थोड्या दिवसांत वाहून जाते. पाहुण्यांचा मोठा लोंढा येतो तोही शाळांच्या सुटीत, म्हणजे मे महिन्यातच. किनाऱ्यालगत वाळूखाली गोडे पाणी असते ते खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते वजनाला हलके. शास्त्राचा ढोबळ हिशोब असा की, गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक फूट असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असते. याचाच उलट अर्थ असा की, पंपाने उपसून वरची पातळी एक फूट उतरवली, तर खालचे खारे पाणी कालांतराने चाळीस फूट वर सरकते. पोहण्याचा तलाव असलेल्या चार हॉटेलांनी खोल बोअर मारल्या, तर शेजारच्या वाडीची विहीर मचूळ होते, माड सुकतात, आणि मग ती वाडीही विक्रीस निघते. एक विक्री दुसरीला जन्म देते ती अशी.

गोवा आपल्या शेजारी आहे आणि तेथले लोक या वाटेवर आपल्या पुढे आहेत. किनारी जमिनींच्या विकासाला मोठ्या प्रमाणावर वाव देणारा प्रादेशिक आराखडा तेथे २००६ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा गावोगावच्या लोकांनी चळवळ केली आणि २००७ साली सरकारला तो मागे घ्यावा लागला. पर्यटनावर पोट असलेल्या लोकांनीच हा विरोध केला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. त्यांना पाहुणा नको नव्हता. पाहुण्याच्या निमित्ताने गाव जाणे नको होते.

मग करावे काय? ‘विकू नका’ असा उपदेश करणे सोपे आहे. ज्याच्या घरी दुखणे आहे, मुलीचे शिक्षण आहे, डोक्यावर कर्ज आहे, त्याला शहरातल्या व्यासपीठावरून हा उपदेश करण्याचा अधिकार मला नाही आणि आपल्यालाही नाही. त्याला जमिनीतून दरवर्षी चार पैसे सुटतील अशी सोय झाली, तरच तो विकणार नाही. तशी उदाहरणे आहेत. मंडणगड तालुक्यातील वेळास गावी ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या साह्याने त्या अंड्यांचे रक्षण सुरू केले. पुढे पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लोक येऊ लागले, आणि ते उतरतात गावकऱ्यांच्या घरांत. पाहुण्याला अंथरूण माजघरात मिळते आणि जेवण गृहिणीच्या हातचे. तेथे पाहुण्याचा पैसा थेट चुलीपर्यंत जातो, आणि त्यासाठी जमीन विकावी लागलेली नाही. राज्याच्या पर्यटन महामंडळाची न्याहारी-निवास योजना याच तत्त्वावर आहे. २०१९ च्या किनारा अधिसूचनेतही राहत्या घराचा चौथरा व दर्शनी भाग न बदलता स्थानिकांनी पाहुणे ठेवण्यास मुभा आहे. बाहेरच्याचे नवे हॉटेल जेथे कायद्याला चालत नाही, तेथे गावच्या माणसाचे जुने घर चालते. हा केवढा मोठा लाभ कायद्याने त्याच्या पदरात टाकला आहे!

ज्यांची जागा मोठी आहे त्यांनी ती विकण्याऐवजी ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावी. मुदत संपली की जमीन परत येते, भाव वाढला तर भाडे वाढते, आणि सोळा वारसांना विक्रीचा सोळावा तुकडा एकदाच मिळण्याऐवजी दरसाल काही मिळत राहते. गावात राहणाऱ्या भावाला देखभालीबद्दल अधिक वाटा देण्याचे कलमही करारात घालता येते. याहून पुढचे पाऊल म्हणजे जमिनी एकत्र करून स्वतःच विकासक होणे. पुण्याजवळ मगरपट्ट्याच्या सुमारे सव्वाशे शेतकरी कुटुंबांनी आपली शेते तुकड्यातुकड्याने बांधकामवाल्यांना विकण्याऐवजी स्वतःची कंपनी काढली आणि त्या जागेवर नगर वसवले. कोकणात असे नगर वसवायचे नाही; परंतु मालक भागीदार होऊ शकतो, हे त्या उदाहरणाने सिद्ध झाले आहे. यासाठी पहिली पायरी एकच: सामाईक खात्यांचे, भांडण पेटण्यापूर्वी, गणपतीत सर्व जमतात तेव्हाच बसून समजुतीने वाटप करणे आणि ते नोंदवणे. ज्याच्या हिश्शाला हद्द नाही, त्याला विकण्यावाचून दुसरा व्यवहार करता येत नाही.

आता शेवटी आपल्याविषयी, म्हणजे शहरातल्या गिऱ्हाइकाविषयी. कोकणात जमीन घेण्याचा विचार ज्यांच्या मनात आहे त्यांनी पैसे मोजण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. उताऱ्यावर नावे किती, आणि सर्वांची संमती लेखी आहे काय? कायद्याप्रमाणे मला ही जमीन घेता येते काय? भरतीची रेषा येथून किती अंतरावर आहे? शेजारच्या विहिरीला मे महिन्यात पाणी किती असते, आणि या जागेतून कोणाची वाट जाते? या चारांची सरळ उत्तरे मिळाली नाहीत तर व्यवहार सोडून द्यावा. आणि उत्तरे मिळाली तरी एक पाचवा प्रश्न स्वतःला विचारावा: वर्षातून आठ दिवस राहण्यासाठी मला मालक होण्याची गरज खरोखर आहे काय? ते आठ दिवस त्याच गावातल्या एखाद्याच्या घरी भाडे देऊन राहिलो, तर माझी सुटी तितकीच चांगली जाईल आणि त्याच्या घराचे दार वर्षभर उघडे राहील.

कोकणात बंद दारे पुष्कळ आहेत. रेल्वे, रस्ते आणि विमाने यांनी ती दारे उघडावीत, एवढ्यासाठीच त्यांची मागणी झाली होती. त्या वाटेने आलेला पाहुणा दाराशी येऊन घरधन्याला हाक मारतो, की घरच विकत मागतो, यावर या प्रांताचा पुढचा इतिहास अवलंबून आहे. आणि तो पाहुणा म्हणजे बहुतांशी आपणच आहोत.